बाजारातला गाळा आणि एका रेकॉर्डची गोष्ट

व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, 'भांडवल नाही म्हणून धंदा वाढत नाही' ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. जरीवाला म्हणतो, मोठी पार्टी ऑर्डर देत नाही. बॅगा शिवणारा म्हणतो, माल चांगला आहे पण दुकानदार ठेवून घेत नाही. गाळेवाला म्हणतो, नवा माल उचलावा तर पैसे अडकतील. या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. म्हणून या वेळी आम्ही असे एक उदाहरण घेतो आहोत, ज्यात कारागीर, गाळेवाला आणि बाजार हे तिघेही अडचणीत होते आणि तरीही माल बाजारात आला.

उदाहरण लांबचे आहे, अमेरिकेतले, आणि माल आहे गाण्याची रेकॉर्ड. 'मेटॅलिका' नावाच्या वाद्यवृंदाने १९८३ साली काढलेली 'किल 'एम ऑल' ही त्यांची पहिली रेकॉर्ड. ज्या प्रकारच्या संगीताला तिकडे 'हेवी मेटल' म्हणतात, त्यातले हे नाव आज जगभर माहीत आहे. असले संगीत ऐकावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्हाला इथे गाणे ऐकायचे नाही, हिशेबाची वही पाहायची आहे.

माल कोणता होता?

आधी माल समजून घेऊ. हेवी मेटल म्हणजे विजेच्या गिटारचा आवाज मुद्दाम फाटेल इतका वाढवून, ढोलाच्या जोरकस ठोक्यांवर वाजवलेले संगीत. याची सुरुवात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात १९७० च्या आसपास झाली, असे मानतात. 'ब्लॅक सॅबथ' या पहिल्या मोठ्या वाद्यवृंदाचा गिटारवाला टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यातला कामगार होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा वाजवणारा, म्हणजे तारा दाबायची बोटे तीच. दुसरा असता तर वाद्य खुंटीला टांगून मोकळा झाला असता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या घडवल्या, त्यांना चामड्याचे तुकडे चिकटवले आणि पुन्हा वाजवायला लागला. पुढे तारा सैल लावून त्याने जो जड आवाज काढला, तोच या साऱ्या धंद्याचा पाया ठरला. हात गेलेल्या कारागिराने स्वतःचे हत्यार स्वतः घडवले, ही गोष्ट आमच्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

मेटॅलिका त्यानंतरच्या पिढीतली. १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये डेन्मार्कहून आलेल्या लार्स उलरिक नावाच्या तरुण ढोलवाल्याने स्थानिक जाहिरातींच्या वर्तमानपत्रात 'सोबत वाजवणारे हवेत' अशी जाहिरात दिली. तिला जेम्स हेटफिल्ड या गिटारवाल्याने उत्तर दिले आणि जोडी जमली. दोघेही विशीच्या आतले, खिशात पैसा नाही. तेव्हाच्या संगीतापेक्षा त्यांचा वेग बराच जास्त होता, म्हणून मोठ्या कंपन्यांना हा माल आपल्या गिऱ्हाइकाचा वाटत नव्हता.

नमुना फिरला, पण फुकट

जुलै १९८२ मध्ये त्यांनी सात गाण्यांची एक नमुना कॅसेट तयार केली. ती विकायला काढली नाही, ओळखीच्या शौकिनांना देऊन टाकली. त्या काळी या संगीताचे शौकीन टपालाने एकमेकांना कॅसेटी पाठवत. एकाने दुसऱ्याला प्रत काढून द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. प्रतीची प्रत निघाली की आवाज बसत जातो, खरखर वाढत जाते; तरीही कॅसेट गावोगाव पोहोचली. जाहिरातीवर एक पैसा न घालता देशाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे नाव झाले.

इथे काही वाचक म्हणतील, फुकट दिलेल्या मालाची किंमत राहत नाही. बरोबर आहे, पण फुकट गेला तो नमुना होता. कापडाचा व्यापारी पेठेत फिरताना कापडाचे तुकडे वाटतो, ठाण वाटत नाही. शिवाय नमुना गेला तो नेमका त्याच माणसांच्या हातात, ज्यांना असल्या मालाची भूक होती. रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्रक वाटणे वेगळे आणि जाणकाराच्या हातात नमुना ठेवणे वेगळे.

याच वर्षी त्यांचे एक गाणे अनेक वाद्यवृंदांच्या एकत्रित रेकॉर्डवर आले. आनंदाची गोष्ट, पण पहिल्या छपाईत त्यांच्या नावाचे स्पेलिंगच चुकले, एक अक्षर जास्त पडले. आम्हाला हसू आले नाही, कारण आम्हीही त्यातून गेलो आहोत. एकदा एका छापखान्याने आमच्या लेबलांवर नावातला अनुस्वार गाळला आणि हजारो लेबले रद्दीत गेली. छापखान्याशी भांडलो, पण मुद्रिते आम्हीच न वाचता परत पाठवली होती. माल कितीही उत्तम असो, नाव चुकले तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी शोधणार काय?

गाळेवाला पुढे येतो

आता या गोष्टीतला आमच्या दृष्टीने मुख्य माणूस. न्यू जर्सी राज्यात ईस्ट ब्रन्सविक या गावी जुन्यापुराण्या वस्तूंचा एक बाजार भरत असे. त्या बाजारात जॉन झझूला आणि त्याची पत्नी मार्शा यांचा रेकॉर्डचा गाळा होता. नाव 'रॉक अँड रोल हेवन'. मोठ्या दुकानांत न मिळणाऱ्या, इंग्लंड-युरोपहून आलेल्या हेवी मेटल रेकॉर्ड तिथे मिळत, म्हणून लांबलांबचे शौकीन येत. नवरा-बायको दोघेही गाळ्यावर उभे राहत. गिऱ्हाईक काय मागते, काय हातात घेऊन परत ठेवते, कशासाठी पुन्हा येते, हे त्यांना तोंडपाठ होते.

अशाच एका गिऱ्हाइकाने मेटॅलिकाची कॅसेट आणून दिली. झझूलाने ती गाळ्यावर लावली आणि त्याच्या लक्षात आले की ज्या मालासाठी आपण परदेशाकडे डोळे लावून बसतो, तो माल आपल्याच देशात तयार होतो आहे. त्याने फोन लावून वाद्यवृंदाला पूर्वेकडे बोलावून घेतले आणि प्रवासखर्चासाठी १,५०० डॉलर पाठवले.

त्याला हे धाडस करता आले, कारण त्याच्यापाशी मोठ्या कंपनीच्या साहेबाकडे नसलेली एक गोष्ट होती. साहेब वातानुकूलित खोलीत बसून अंदाज बांधतो. गाळेवाला रोज संध्याकाळी गल्ला मोजतो. मागणी आहे हे झझूलाला कोणी सांगावे लागले नाही. भांडवल कमी असले तरी गिऱ्हाइकाची माहिती हे भांडवलच असते, आणि ते आपल्यातल्या प्रत्येक लहान दुकानदाराकडे पडून असते. फक्त आपण ते वहीत मांडत नाही.

कारागीर येतात, एक जण परत जातो

१९८३ च्या मार्चअखेर चौघे जण भाड्याच्या ट्रकमध्ये सामान घालून अमेरिकेच्या पश्चिम टोकाहून पूर्व टोकाला निघाले. हजारो मैलांचा प्रवास. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाद्यवृंदांना सरावासाठी भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांची एक इमारत होती; तिथेच त्यांनी पथारी टाकली. गरम पाणी नाही, स्वयंपाकाची सोय नाही. त्याच इमारतीत सराव करणाऱ्या 'अँथ्रॅक्स' या दुसऱ्या वाद्यवृंदाने त्यांना एक फ्रिज आणि पाव भाजायची छोटी भट्टी आणून दिली. धंद्यात दोघे एकमेकांचे स्पर्धक. पण परगावातून आलेल्या कारागिराला चूल देणे ही माणुसकी त्यांनी दाखवली. पुढे अँथ्रॅक्सची पहिली रेकॉर्डही झझूलानेच काढली.

याच ठिकाणी गोष्टीतला कडू प्रसंग घडला. चौघांतला डेव्ह मस्टेन हा गिटारवाला हुन्नरी होता, पण त्याच्या दारूमुळे आणि भांडणांमुळे बाकीचे तिघे कंटाळले होते. ११ एप्रिल १९८३ रोजी सकाळी त्याला उठवून 'तू आता आमच्यात नाहीस' असे सांगितले आणि बसने घरी पाठवले. त्याच्या जागी सॅन फ्रान्सिस्को भागातून कर्क हॅमेट याला बोलावले. १६ एप्रिलला, म्हणजे पाच दिवसांत, हॅमेट त्यांच्यासोबत मंचावर उभा होता.

भागीदारी मोडणे कधी कधी टळत नाही. पण मोडताना हिशेब कसा केला, यावर माणसाची परीक्षा होते. मस्टेनला आपली बाजू मांडायची संधी द्यायला हवी होती, असे आम्हाला वाटते. त्याच्या मनात हा सल पुढे अनेक वर्षे राहिला. मात्र एक गोष्ट झाली. रेकॉर्डवरच्या दहा गाण्यांपैकी चार गाण्यांच्या रचनेत त्याचे नाव छापले गेले. नाव छापले म्हणजे रचनाकार म्हणून मानधनातला त्याचा हिस्सा कागदावर आला. तो गेला, पण त्याने केलेल्या कामावरचे त्याचे नाव गेले नाही. आपल्याकडे भागीदार फुटला की त्याने काढलेली डिझाइनही आपलीच म्हणून चालवणारे कमी नाहीत. आणि मस्टेन? त्याने 'मेगाडेथ' नावाचा स्वतःचा वाद्यवृंद काढला आणि तोही जगभर गाजवला. कारागिराचे हात त्याच्यासोबतच जातात, हे मालकाने विसरू नये.

सतरा-अठरा दिवसांचे काम

झझूलाने कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. कोणी माल घ्यायला तयार होईना. शेवटी नवरा-बायकोने स्वतःचीच कंपनी काढली: 'मेगाफोर्स रेकॉर्ड्स'. ऑफिस, नोकर, गोदाम असा थाट नव्हता. गाळेवाला आता उत्पादक झाला.

ध्वनिमुद्रण १० ते २७ मे १९८३ या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरातल्या 'म्युझिक अमेरिका' स्टुडिओत झाले. खर्च सुमारे १५,००० डॉलर. तेव्हा डॉलर दहा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दीड लाख रुपये. मोठ्या कंपन्यांच्या लेखी ही रक्कम किरकोळ होती. झझूलाला मात्र तिने दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवले.

इतक्या कमी दिवसांत काम कसे झाले? याचे उत्तर त्या नमुना कॅसेटमध्ये आहे. कॅसेटवरची सातही गाणी या रेकॉर्डवर आली, एकाचे नाव आणि बांधणी बदलून. वर्षभर ती गाणी लोकांसमोर वाजवून वाजवून घोटलेली होती. कुठे गर्दी उसळते, कुठे थंड पडते, हे मंचावरच कळून चुकले होते. स्टुडिओचे भाडे सुरू झाल्यावर 'आता काय करू या' असा प्रश्नच उरला नव्हता. ज्याने बेतलेले कापड घेऊन शिलाई मशीन भाड्याने घेतले, त्याचे भाडे वाया जात नाही.

स्टुडिओतले काम टप्प्याटप्प्याने चालते. आधी ढोल आणि मूळ साथ पट्टीवर घेतात. चुंबकीय पट्टीवर शेजारी शेजारी अनेक मार्ग असतात. प्रत्येक वाद्य वेगळ्या मार्गावर बसवता येते. मग त्यावर गिटारचे थर चढवतात, नंतर आवाज. शेवटी सगळे मार्ग एकत्र करून कोणते वाद्य किती मोठे, किती लहान हे ठरवतात. त्याला 'मिक्सिंग' म्हणतात. जरदोजीत आधी खाका, मग सलमा, मग टिकल्या आणि शेवटी ताण सोडून कापड पाहणे असते, त्यातलाच हा प्रकार.

इथे एक वाद झाला. निर्माता म्हणून नेमलेल्या पॉल कर्शियो याच्याशी मुलांचे सूर जुळले नाहीत. मिश्रण करताना त्यांना खोलीत बसूही दिले नाही. मिश्रण झाले ते झझूलालाच पसंत पडले नाही: ढोल फार मोठा, गिटार दबलेली. या मालाचे गिऱ्हाईक गिटारसाठीच पैसे देते, हे गाळ्यावर उभे राहिलेल्या माणसाला ठाऊक होते. त्याने मिश्रण पुन्हा करून घेतले. खिशात पैसा संपत आलेला असताना झालेले काम परत करायला सांगणे सोपे नसते. 'चालून जाईल' म्हणून माल पुढे ढकलण्याचा मोह अशाच वेळी होतो.

नाव आणि वेष्टन

माल तयार झाला, पण अडचण संपली नाही. मुलांनी रेकॉर्डला जे नाव ठरवले होते ते शिवराळ होते आणि वेष्टनावरचे चित्रही तसेच ओंगळ. घाऊक वितरकांनी साफ सांगितले, हे दुकानात लागणार नाही. मुलांचा संताप झाला. वितरकांवर चिडून क्लिफ बर्टन हा बास गिटारवाला जे बोलला त्याचा अर्थ 'सगळ्यांना मारून टाका' असा होता. तेच शब्द रेकॉर्डचे नाव झाले आणि वेष्टनावर रक्तात पडलेला हातोडा व हाताची सावली आली.

हे नावही सौम्य म्हणता येणार नाही आणि आम्ही त्याची तरफदारी करत नाही. पण व्यवहार पाहा. माल एका अक्षरानेही बदलला नाही. बदलले ते फक्त दुकानदाराला न चालणारे वेष्टन. कुठे अडून बसायचे आणि कुठे वाकायचे, हे कारागिराला ओळखता आले पाहिजे. मिश्रणाच्या वेळी ते अडले, वेष्टनाच्या वेळी वाकले. आपल्यात पुष्कळदा उलटे होते: दर्जाशी तडजोड करतो आणि पिशवीच्या रंगावरून भांडतो.

साचा, छपाई आणि हिशेब

धातुकाम करणाऱ्या वाचकांसाठी रेकॉर्ड कशी छापतात हे थोडक्यात सांगतो. लाखेसारखा मऊ लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर आवाजाची नागमोडी खाच कोरतात. तिच्यावर चांदीचा पातळ थर देऊन विजेच्या हौदात निकेलचा जाड मुलामा चढवतात. तो सोलून काढला की उलटा ठसा मिळतो; त्यापासून पुन्हा मुलामा देत छपाईचे साचे बनवतात. दोन साच्यांमध्ये गरम प्लॅस्टिकचा गोळा ठेवून वाफेवर तापणाऱ्या प्रेसमध्ये दाबतात, मग पाण्याने थंड करतात. हजारभर नगांनंतर साचा झिजू लागतो आणि नवा लावावा लागतो. भांड्यांचे ठसे करणाऱ्याला यात परके काही नाही.

हातात पैसा नसल्याने मेगाफोर्सने एकदम मोठी छपाई केली नाही. लहान लहान लॉट काढले, माल खपला की त्याच पैशातून पुढचा लॉट. यामागचा हिशेब समजावा म्हणून आम्ही आमच्याच मनाचे आकडे मांडतो. ते मेगाफोर्सचे नव्हेत.

समजा, एका नगाची छपाई आणि वेष्टन मिळून दीड डॉलर पडतात आणि वितरक चार डॉलरला माल उचलतो. एका नगामागे अडीच डॉलर सुटतात. स्टुडिओचे १५,००० डॉलर नुसते वसूल व्हायला ६,००० नग खपले पाहिजेत, तेही रचनाकारांचे मानधन, जाहिरात, प्रवास यांतले काही न धरता. आता एकदम १५,००० नग छापले तर २२,५०० डॉलर थप्पीत अडकतात. पाचशेचा लॉट काढला तर अडकतात फक्त ७५०. प्रत्येक नगामागे छपाई थोडी महाग पडेल, पण रात्रीची झोप लागेल.

त्यात आणखी एक मेख आहे. अमेरिकेतल्या रेकॉर्डच्या धंद्यात वितरक पैसे महिना-दोन महिन्यांनी देतो आणि न खपलेला माल परत करू शकतो. म्हणजे गोदामातून माल बाहेर गेला याचा अर्थ विकला गेला असा नाही. उधारीवर माल देऊन वहीत नफा लिहिणाऱ्या आपल्या बांधवांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

विक्रीसाठी रस्त्यावर

२५ जुलै १९८३ रोजी रेकॉर्ड बाजारात आली. मोठ्या रेडिओ केंद्रांवरून ही गाणी लागणार नव्हती, म्हणून मुले दौऱ्यावर निघाली. सोबत इंग्लंडचा 'रेव्हन' हा वाद्यवृंद होता. लहान लहान गावांतल्या लहान सभागृहांत, कधी मूठभर लोकांसमोरही कार्यक्रम केले. दौरा संपेपर्यंत अमेरिकेत सुमारे १७,००० प्रती खपल्या. युरोपात 'म्युझिक फॉर नेशन्स' या कंपनीने रेकॉर्ड काढली, म्हणजे तिकडची छपाई आणि वितरण यांचा भार झझूलावर पडला नाही.

१७,००० हा आकडा मोठ्या कंपनीच्या लेखी काहीच नाही. विक्रीच्या अधिकृत यादीत रेकॉर्ड तेव्हा कुठेही नव्हती. पण घेणारा प्रत्येक जण पुढची रेकॉर्ड घेणार होता आणि आणखी दोघांना सांगणार होता. गिऱ्हाईक थोडे असले तरी पक्के होते.

मोठी कंपनी येते

दुसरी रेकॉर्ड १९८४ साली कोपनहेगनमध्ये तयार झाली आणि जुलैमध्ये मेगाफोर्सनेच काढली. त्याच वर्षी 'इलेक्ट्रा' या मोठ्या कंपनीने मेटॅलिकाशी करार केला. व्यवस्थापनही झझूलांकडून दुसऱ्यांकडे गेले. म्हणजे ज्याने गाळ्यावरच्या कमाईतून रोप लावले, त्याच्या हातून झाड गेले.

हे अन्यायाचे आहे का? आम्ही यावर बराच विचार केला. एका बाजूने वाईट वाटते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर झझूलाकडे पुढचे भांडवल नव्हते. मुलांना अडकवून ठेवले असते तर दोघेही बुडाले असते. त्याने नशिबाला दोष देत गाळा बंद केला नाही. अँथ्रॅक्स, ओव्हरकिल, टेस्टामेंट असे एकामागून एक वाद्यवृंद मेगाफोर्सने पुढे आणले. एक कारागीर गेला, पण चांगला कारागीर ओळखण्याची नजर त्याच्यापाशीच राहिली. मार्शा झझूला २०२१ च्या जानेवारीत आणि जॉन २०२२ च्या फेब्रुवारीत वारले, तेव्हा मेटॅलिकाच्या मंडळींनी या जोडप्याचे उपकार जाहीरपणे मानले.

त्या पहिल्या रेकॉर्डचे काय झाले? ती हळूहळू खपतच राहिली. १९८८ साली इलेक्ट्राने ती पुन्हा काढली. १९९९ पर्यंत एकट्या अमेरिकेत तिला तीस लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले. पंधरा हजार डॉलरचा माल सोळा वर्षांनीही दुकानात ताजाच होता. क्लिफ बर्टन मात्र हे पाहायला राहिला नाही. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये दौऱ्याची बस उलटून तो गेला, तेव्हा तो अवघा २४ वर्षांचा होता.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. २०१२ साली मेटॅलिकाने आपल्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क स्वतःकडे घेऊन स्वतःची कंपनी काढली आणि २०१६ मध्ये पहिली रेकॉर्ड आपल्याच नावाने पुन्हा बाजारात आणली. २०२३ साली त्यांनी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका रेकॉर्ड छपाईच्या कारखान्यात निम्म्याहून अधिक हिस्सा विकत घेतला. ज्यांची पहिली रेकॉर्ड पैशाअभावी लहान लहान लॉटमध्ये छापली गेली, ते चाळीस वर्षांनी छापखान्याचे मालक झाले. आपल्या देशातही ३० ऑक्टोबर २०११ रोजी बंगळूरला त्यांचा कार्यक्रम झाला आणि हजारो तरुण तिकीट काढून गेले.

वहीत लिहून ठेवण्यासारखे

१. गिऱ्हाइकाची माहिती हे भांडवल आहे. काय विकले गेले याबरोबरच काय मागितले गेले आणि आपल्याकडे नव्हते, हेही रोज लिहा.

२. नमुना जाणकाराच्या हाती द्या. नमुन्यावर हात आखडू नका, मालावर सैल सोडू नका.

३. भाडे सुरू होण्याआधी तयारी पूर्ण करा. मशीन, स्टुडिओ, गाळा, कारागीर, सगळ्यांचे मीटर चालू असते.

४. दर्जाच्या बाबतीत अडा, वेष्टनाच्या बाबतीत ऐका. दुकानदार कशामुळे माल ठेवत नाही, हे रागावण्याआधी विचारा.

५. लहान लॉट काढा. नफा थोडा कमी झाला तरी चालेल, पण पैसा फिरता राहिला पाहिजे.

६. भागीदार गेला तरी त्याच्या कामाचा हिस्सा कागदावर ठेवा. तोंडी व्यवहार भाऊबंदकीत संपतो.

७. मूळ साचा, मूळ डिझाइन यांचा हक्क कोणाकडे आहे हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. आज गरजेपोटी तो द्यावा लागला, तर पुढे परत कसा मिळेल हेही त्याच कागदावर यायला हवे.

यातल्या एकाही गोष्टीला अमेरिका लागत नाही. कारागिराकडे हुन्नर होता, गाळेवाल्याकडे नजर होती आणि दोघांनी एकमेकांवर विश्वास टाकला. आपल्या मोहल्ल्यातही असा कारागीर आहे आणि असा गाळेवालाही आहे. पुष्कळदा ते एकाच गल्लीत राहतात, पण धंद्याची गोष्ट कधी बोलत नाहीत. या आठवड्यात दुकान वाढवण्याआधी घटकाभर बोलून पाहा.